दाब, धर, सोड

तिसऱ्या फेरीला पॅडल खाली गेलं.
गेलंच.
अंधारात विहिरीची पायरी चाचपावी
आणि तिथे पायरी नसावी, तसं.

देवगडच्या वरचा सडा. बंद पडलेल्या कंपनीचा
गोल डांबरी रस्ता, मधे वाळलं गवत,
कडेला करवंदीच्या जाळ्या,
आणि रविवारी सकाळी आम्ही सात जण
बँकेत, शाळेत जायच्या गाड्या घेऊन.
हेल्मेटं उसनी.
माझी लाल, सेकंडहँड; मागच्या सीटवर
पोरीची छत्री तशीच.

करवंदीनं अडवलं. आरसा गेला, एका बाजूचा रंग गेला.
खाली उतरून मी उगाच हसलो.
चाकांना जळक्या केसांसारखा वास येत होता.

दाजी मिठबावकर जामसंड्याहून आला स्कूटरवर,
पायांत पत्र्याची पेटी.
चाकाजवळ हात नेला, लावला नाही.
मग ऑइलची डबी उघडून म्हणाला,
"ह्या काय? कोरी चाय?"

बदललं कधी, ते मला आठवेना.
"म्हणजे चार पावसाळे पोटात घेतल्यान."

इथे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं,
काडेपेटी चुलीशेजारी ठेवावी लागते,
हे ऑइल तर जन्माचं तहानलेलं.
झाकण घट्ट असलं तरी रबरी नळ्यांमधून
खाडीवरचा दमटपणा पीत बसतं, महिनोन् महिने, बिनबोभाट.
तापलं की त्यातलं पाणी उकळतं.
आणि वाफ तर उशीसारखी दबते.
मी सगळा जोर उशीवर देत होतो.

"गाडी थांबता तेव्हा तिची धाव खंय जाता?"
मी गप्प.
"डिस्कात. गरमी होवन. ती वाऱ्याक दी.
दिलंस नाय, तर तेलात शिरतली."

मी आत, पाय पॅडलवर. तो खाली,
पारदर्शक नळी, कोकम सरबताची रिकामी बाटली.
लांबच्या चाकापासून सुरुवात.
दाब. धर. सोड.
दाब.
नळीतून बुडबुडे, मग काळपट धार, मग पुन्हा बुडबुडे.
धर म्हटलंय ना. धर.
सोड.

तिसऱ्या चाकाला तो आपण होऊन बोलला:
करूळ घाट, कोल्हापूरहून साखर भरलेला ट्रक,
गिअर न्यूट्रलला, डिझेल वाचवायला,
आणि उतारभर ब्रेकवर नुसता टेकवलेला पाय.
महिनाभर त्या वळणावर मुंग्या होत्या, म्हणाला.
क्लीनरचं नाव सांगितलं नाही.
दाब, म्हणाला.

नवं ऑइल मधाच्या रंगाचं. सीलबंद बाटलीतलं;
उघडी बाटली कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही.
पॅड नवे, ताप सोसणारे. चाकांवरच्या चकचकीत टोप्या
काढून फेकल्या, वारा आत जाऊ दे.
तळेबाजारच्या रस्त्यावर पहाटे दहा वेळा
साठवरून वीसवर, पूर्ण न थांबता,
पॅड आणि डिस्कची ओळख होईपर्यंत.
दुधाच्या टेम्पोवाल्यानं शिव्या घातल्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा सडा.
वळणाआधी जोरात, थोडा वेळ, आणि पाय उचलायचा.
गोंजारायचं नाही.
तीन फेऱ्या जोराच्या, एक निवांत.
शेवटची तर जवळजवळ ब्रेकशिवाय,
खिडक्या उघड्या, गिअर मोठा,
लग्नाहून परतणाऱ्या माणसासारखी.
बाकीचे हॉर्न मारत होते. मारू देत.

हँडब्रेक ओढला नाही. तापलेल्या चाकाला
मिठी मारून ठेवायची नसते.
चाकांखाली दोन चिरे लावले आणि थर्मास उघडला.

दाजीने कप हातात घेतला, वास घेतला.
"साखर हा?"
मी मान हलवली. त्याने कप परत दिला,
चाकाशी उकिडवा बसला, हात जवळ नेला,
तसाच धरून ठेवला.
डिस्क टिक टिक करत निवत होती.

"पुढच्या खेपेक," तो म्हणाला,
"ती छत्री काढून ठेव गाडीतसून."